शेंदूर, शिसे आणि ना. म. जोशी

माणगाव-महाडकडून ताम्हिणी घाट चढून पुण्यात येणारी एस.टी. आपले प्रवासी स्वारगेटला उतरवते. स्थानकाबाहेरच्या पथाऱ्यांवर माणसाच्या नित्य गरजेच्या आणि हौसेच्या नाना वस्तू मांडलेल्या असतात. रंगीत खेळणी, आगपेट्या, कुंकवाचे करंडे, देवाला लावायच्या शेंदराच्या पुड्या, सुटी हळद, स्वस्त भांडी असा तो संसार असतो. घासाघीस होते, किंमत ठरते आणि वस्तू घरी जाते. ती वस्तू घडवताना कोणाच्या फुफ्फुसात काय शिरले आणि ती वापरताना कोणाच्या रक्तात काय उतरणार आहे, याचा हिशेब मात्र त्या किमतीत कोठेही धरलेला नसतो. या हिशेबाची निदान एक बाजू तरी कायद्याच्या वहीत नोंदली जावी म्हणून ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, तो याच माणगाव तालुक्यातील गोरेगावचा. नारायण मल्हार जोशी हे त्यांचे नाव.

मुंबईत लोअर परळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. विद्यार्थ्यांना ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून परीक्षेपुरते ठाऊक असतात. वेतन, कामाचे तास आणि संघटना हे त्यांच्या कार्याचे ठळक विषय होत, यात वाद नाही. परंतु शिसे, फॉस्फरस, पारा यांसारख्या विषारी द्रव्यांपासून माणसाच्या शरीराचे रक्षण कोणी आणि कोणत्या मर्यादेपर्यंत करावे, हा प्रश्न हिंदुस्थानच्या कायद्यात ज्या काळात प्रथम शिरला, तो त्यांच्याच कार्याचा काळ होता. दैनंदिन वस्तूंतील विषारी रसायनांची चर्चा आज नव्याने होत असताना या विस्मृत बाजूकडे पाहणे अगत्याचे आहे.

शिक्षक ते सेवक

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात झाला. शिक्षणासाठी ते पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शालेय शिक्षण आणि डेक्कन कॉलेजात पदवीचे शिक्षण घेऊन १९०१ मध्ये ते बी.ए. झाले. पुढची सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले. भावनेपेक्षा अभ्यासावर आणि घोषणेपेक्षा आकड्यांवर भिस्त ठेवणारी ही संस्था होती, आणि जोशी यांच्या प्रकृतीला ती पूर्णपणे मानवली.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे या संस्थेने गिरणगावात उभी केली. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत कामगार पहाटेपासून राबत असे आणि एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत असत. सावकाराचे व्याज, आजारपण आणि गैरहजेरीचा दंड या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. कामगार आजारी पडला की मजुरी बुडे, मजुरी बुडाली की कर्ज वाढे आणि कर्ज फेडण्यासाठी तो अर्धवट बरा होऊन पुन्हा यंत्रापाशी उभा राही. त्याचे दुखणे हा मालकाच्या लेखी त्याचा खाजगी प्रश्न होता. हे दुखणे धंद्याच्या खर्चात धरले गेले पाहिजे, या मागणीचे बीज अशा परिस्थितीत होते.

वॉशिंग्टनची यादी

पहिले महायुद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्मास आली. तिची पहिली परिषद १९१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे उपस्थित होते. या परिषदेचे नाव निघाले की आठ तासांच्या दिवसाची आठवण होते. हिंदुस्थानपुरती मात्र आठवड्याची ६० तासांची सवलतीची मर्यादा ठरली. परंतु याच परिषदेने केलेल्या सहा शिफारशींपैकी दोन थेट विषारी द्रव्यांविषयी होत्या.

त्यांतील एक आगकाडीतील पांढऱ्या फॉस्फरससंबंधी होती. एकोणिसाव्या शतकात युरोपात आगकाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांच्या जबड्याची हाडे या द्रव्याच्या वाफेने सडत. दात पडत, गालाला छिद्र पडे, कित्येकांचा जबडा कापून काढावा लागे. लंडनमध्ये १८८८ साली आगकाड्यांच्या कारखान्यातील मुलींनी गाजलेला संप केला तो याच धंद्यात. तांबडा फॉस्फरस आणि फॉस्फरसचे गंधकाशी झालेले संयुग हे कमी धोक्याचे पर्याय उपलब्ध होते. पण पांढरा फॉस्फरस स्वस्त पडे. एका देशाने तो सोडला तर दुसऱ्याचा माल बाजारात स्वस्त ठरे. म्हणून १९०६ मध्ये बर्न येथे अनेक राष्ट्रांनी मिळून त्याच्या बंदीचा करार केला, आणि हिंदुस्थानातही १९१३ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. उरलेल्या राष्ट्रांनीही या करारात सामील व्हावे, असे वॉशिंग्टनच्या परिषदेने सुचविले. आज आगपेटी विकत घेणाऱ्याला आपल्या हातातील काडीमागे हा इतिहास आहे याची कल्पनाही नसते. पर्याय होता, एकत्रित बंदी झाली आणि विष बाजारातून गेले, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

दुसरी शिफारस शिशाची. शिसे वितळविणे, त्याचे क्षार तयार करणे, विजेच्या बॅटरीतील लेप कालविणे व थापणे, अशा कामांवर स्त्रिया आणि १८ वर्षांखालील मुले यांना ठेवू नये, असे तीत म्हटले होते. कामांच्या या यादीत शिशाच्या तांबड्या ऑक्साइडचे उत्पादनही स्पष्ट नमूद होते. या तांबड्या ऑक्साइडलाच मराठीत शेंदूर म्हणतात. गावोगावच्या मारुतीला आणि वेशीवरच्या म्हसोबाला तेलात कालवून जो चढवला जातो, तोच हा पदार्थ. जे द्रव्य बनविण्याच्या जागी तरुण मुलाने उभे राहू नये असे जगातील राष्ट्रांनी १९१९ मध्ये ठरविले, ते द्रव्य पुडी बांधून विकण्यास आणि बोटांनी चोळण्यास मात्र कोणाची आडकाठी नव्हती. या विषयातील मूळ विसंगती येथेच दिसते.

आजाराला कायद्यात स्थान

१९२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. त्याच्या उभारणीत जोशी यांचा मोठा वाटा होता. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त प्रतिनिधी म्हणून बसू लागले. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या प्रकरणात युनियनच्या पुढाऱ्यांवर न्यायालयाने मनाईहुकूम बजावला, तेव्हा कामगारसंघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव जोशी यांनी १९२१ मध्ये मांडला. त्यातून पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला.

याच कायदेमंडळाच्या काळात १९२२ चा कारखाने दुरुस्ती कायदा संमत झाला आणि शिशाच्या ठराविक प्रक्रियांतून स्त्रिया व तरुण मुले यांना वगळण्याची तरतूद त्यात आली. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. यंत्रात हात सापडून झालेली इजा डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिची भरपाई द्यावी हे पटणे सोपे होते. या कायद्याने त्यापुढे एक पाऊल टाकून काही व्यवसायजन्य रोगांनाही इजेच्या बरोबरीचे मानले. सुरुवातीच्या यादीत अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा यांचा समावेश होता. १९२५ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिसे, पारा व अँथ्रॅक्स यांना अशा रोगांत स्थान दिले आणि हिंदुस्थानने १९२७ मध्ये तो करार मान्य केला.

या तरतुदीचे महत्त्व अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर अधिक स्पष्ट होते. १९२० मध्येच केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांचा कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्पादकाला पडणारा खाजगी खर्च आणि समाजाला सोसावा लागणारा एकूण खर्च यांत फरक असतो, हा विचार त्यात पद्धतशीर मांडलेला आहे. कामगाराच्या रक्तात साचलेले शिसे हा असाच समाजावर लोटलेला खर्च होय. नुकसानभरपाईच्या कायद्याने त्या खर्चाचा एक अंश मालकाच्या खतावणीत परत आणून बसविला.

तथापि या कायद्यात एक अट होती. अशा रोगाची भरपाई मिळण्यासाठी कामगाराने त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम केलेले असावे लागे. रंगारी, कल्हईवाला, ठेकेदाराकडे आज इथे तर उद्या तिथे जाणारा मजूर यांना ही अट पुरी करणे जवळजवळ अशक्य होते. शिसे तर शरीरात हळूहळू, वर्षानुवर्षे साठते. चार ठेकेदारांकडे थोडेथोडे शिसे घेतलेल्या माणसाचा आजार कोणाच्याच नावावर चढत नसे. प्रसूतिकाळात स्त्री कामगारांना साहाय्य मिळावे म्हणून जोशी यांनी १९२४ मध्ये मांडलेले विधेयकही कायदेमंडळाने फेटाळले. मुंबई इलाख्याने तसा कायदा १९२९ मध्ये केला. आईच्या हाडांत साठलेले शिसे गर्भारपणात सुटून गर्भापर्यंत पोचते, हे आज निर्विवाद सिद्ध झाले आहे. ते लक्षात घेतले तर या दोन विषयांचा संबंध किती निकटचा होता हे कळून येते.

मवाळपणाचे मोल

जोशी यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगावर १९२९ मध्ये त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ट्रेड युनियन काँग्रेसमधील जहाल गटाने आयोगावर बहिष्काराची भूमिका घेतली. त्या वर्षीच्या नागपूर अधिवेशनात फूट पडली. स्वतः उभारलेल्या संघटनेतून जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा संघ स्थापन केला. परकीय सत्तेच्या आयोगावर बसून कामगाराचे हित साधता येईल काय, हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. स्वातंत्र्याचा लढा ऐन भरात येत असताना कलमे, परिशिष्टे आणि निरीक्षकांचे अहवाल यांत रमणारा पुढारी अनेकांना निस्तेज वाटला असल्यास नवल नाही.

परंतु १९३१ च्या त्या अहवालाने कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेरचे जग प्रथमच तपशिलाने उजेडात आणले. विड्या वळण्याच्या अंधाऱ्या खोल्या, अभ्रक, लाख, लोकर आणि कातडी कमावण्याचे लहान कारखाने, तेथे राबणारी कोवळी मुले यांची नोंद सरकारी दप्तरात झाली. विषारी धूळ आणि वाफ यांचे बळी मोठ्या गिरणीपेक्षा अशा लहान जागांत अधिक असतात, कारण तेथे निरीक्षक पोचत नाही. १९४० मध्ये दुभंगलेले गट पुन्हा एकत्र आले आणि जोशी यांच्याकडे सरचिटणीसपद पुन्हा आले. ते त्यांनी १९४८ पर्यंत सांभाळले. त्याच वर्षी झालेल्या कारखाने कायद्यात सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी जोडण्यात आली. तिच्यात पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे आहे. ३० मे १९५५ रोजी मुंबईत जोशी यांचे निधन झाले.

फाटकाबाहेरचे विष

जोशी यांच्या पिढीने विषाला कारखान्यात अडविण्याचा प्रयत्न केला. तोच माल फाटकातून बाहेर पडून ग्राहकाच्या घरी गेला की त्याचे काय होते, हा प्रश्न त्या कायद्यांच्या कक्षेत नव्हता. १९२१ मध्ये जिनिव्हा येथे इमारतींच्या आतील रंगकामात पांढऱ्या शिशाचा वापर थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तोही रंगाऱ्यांच्या संरक्षणासाठी होता. त्या भिंतीलगत रांगणाऱ्या मुलांचा उल्लेख त्यात नव्हता. हिंदुस्थानने तो करार स्वीकारला नाही. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. मधल्या ९६ वर्षांत जी घरे, शाळा, पाळणे आणि खेळणी रंगविली गेली, त्यांचे जुने थर आजही खरवडले जातात आणि ती धूळ खोलीतच बसते.

पेट्रोलची कथा याहून बोलकी आहे. इंजिनाचा खडखडाट थांबविण्यासाठी शिशाचे एक सेंद्रिय संयुग पेट्रोलमध्ये मिसळण्याची पद्धत अमेरिकेत १९२३ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी १९२५ मध्ये विरोध केला. तरीही कारखान्यात काळजी घेण्याच्या अटीवर धंदा चालू राहिला आणि ते शिसे जगभरच्या रस्त्यांवर पसरले. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचे झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. तोपर्यंत शिवाजी रस्ता, सातारा रस्ता आणि शंकरशेठ रस्ता जेथे मिळतात त्या स्वारगेटच्या चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस, रिक्षावाला, पथारीवाला आणि शाळेच्या बसची वाट पाहणारे मूल हे सारे शिशाचा धूर श्वासाबरोबर घेत होते. रस्ता हाच त्यांच्यापैकी अनेकांचा कारखाना होता. कायद्याच्या लेखी मात्र तो कारखाना नसल्यामुळे तेथे ना निरीक्षक होता, ना रक्ताची तपासणी, ना भरपाई.

पेट्रोल सुधारले, पण शिसे इतर वाटांनी घरात येतच आहे. हळदीला झळाळी यावी म्हणून शिशाचा पिवळा क्रोमेट मिसळण्याची भेसळ कायद्याने बंद असूनही उघडकीस येते. कल्हईला शुद्ध कथिल हवे. परंतु कथिल महाग आणि शिसे स्वस्त, म्हणून तेथेही मिश्रणाचा मोह होतो. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळविण्याचा धंदा तर वस्त्यांतून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. तोंडावाटे गेलेले शिसे लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या चार-पाच पट शोषून घेते. कॅल्शियमच्या वाटेने ते हाडांत शिरते आणि तेथे दशकानुदशके राहते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि बुद्धी व लक्ष यांची कायमची हानी होते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक पातळीवर किंवा तीहून अधिक होते, आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील होती. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाच्या कपाळावर आळशीपणाचा शिक्का मारण्यापूर्वी शिक्षकांनी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अर्धा राहिलेला हिशेब

पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. कामगाराचे कायदे एका बाजूला आणि ग्राहकाचे दुसऱ्या बाजूला, असे दोन प्रवाह त्यानंतर स्वतंत्रपणे वाहत राहिले. वास्तविक दोघांचे शरीर एकच असते. दिवसा बॅटरीचे शिसे वितळविणारा माणूस संध्याकाळी मुलासाठी रंगीत खेळणे विकत घेतो आणि कपड्यांवरची धूळही घरी नेतो. कारखान्यात जे द्रव्य विष म्हणून नोंदलेले आहे, ते दुकानात केवळ रंग, लेप किंवा पूजासाहित्य कसे ठरते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला दोन्ही नात्यांनी आहे.

या बाबतीत जोशी यांची कार्यपद्धती आजही उपयोगी पडावी अशी आहे. द्रव्याचे नाव घेऊन यादी करावी, त्या यादीला कायद्याचे बळ द्यावे, तपासणीची जबाबदारी ठरवावी आणि नुकसान कोणी सोसायचे ते स्पष्ट लिहावे, हे तिचे सूत्र होते. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे झाले, ते याच दिशेचे पाऊल होय. पण चिन्हाची सक्ती पथारीपर्यंत पोचवायची तर तपासनीस तेथे जावा लागतो आणि दंड पथारीवाल्याला न होता उत्पादकाला व्हावा लागतो. शेंदराच्या पुडीवर तीत शिशाचे ऑक्साइड आहे की नाही, हे मराठीत ठळक छापले पाहिजे. मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यांत लसीकरणाइतकी सहज उपलब्ध झाली पाहिजे. बॅटरी फोडणाऱ्या आणि जुना रंग खरवडणाऱ्या ठेक्याच्या मजुराचे आजारपण, त्याने किती मालक बदलले याचा विचार न करता, त्या धंद्याच्या खर्चात धरले गेले पाहिजे.

यांपैकी कोणत्याही मागणीसाठी नवा शोध लागण्याची गरज नाही. आगकाडीतील विष पर्याय हाताशी असताना एकत्रित निश्चयाने गेले, आणि रंगातील विषाला पर्याय असूनही निश्चयाअभावी ९६ वर्षे अभय मिळाले. या दोन अनुभवांतून जे शिकायचे ते जोशी यांच्या पिढीने पुढच्या पिढ्यांच्या हाती दिले आहे. त्यांनी कामगाराच्या शरीराची किंमत मालकाच्या वहीत लिहावयास लावली. तीच वही ग्राहकाच्या आणि त्याच्या मुलाच्या नावाने पुढे लिहिणे, हे काम अजून बाकी आहे.